शेवटचं दर्शन हा उपकार नव्हता

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी एक पत्रक काढलं. कोविडने दगावलेल्या माणसाचा देह रुग्णालयातून स्मशानापर्यंत कसा न्यायचा, याच्या सूचना त्यात होत्या. देशभरातल्या टाळेबंदीला अजून नऊ दिवस अवकाश होता आणि महाराष्ट्रातला पहिला कोविड मृत्यूही दोन दिवसांनी नोंदला जायचा होता. इतक्या घाईत, इतक्या तुटपुंज्या माहितीवर लिहिलेलं असूनही ते पत्रक आज वाचलं की त्यातल्या समंजसपणाचं नवल वाटतं. कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेन चेहऱ्याकडून उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, असं त्यात होतं. पोथी वाचणं, पाणी शिंपडणं असे देहाला हात न लावता होणारे विधी करायला मुभा होती. आंघोळ घालणं, मिठी मारणं मात्र नको. राखेपासून धोका नाही, ती पुढच्या विधींसाठी नेता येईल. आणि स्मशानात गर्दी नको, कारण जवळच्या नातेवाइकांनाच लागण झालेली असू शकते.

हे सगळं लेखी होतं. प्रत्यक्षात काय झालं ते राज्यातल्या हजारो घरांना ठाऊक आहे. रात्री-अपरात्री आलेला फोन. 'आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन या.' लांबून दाखवलेली एक बांधलेली पिशवी, तिच्यावर चिकटपट्टीने लावलेलं नाव. शववाहिनी पुढे, आपण मोटारसायकलवर मागे, आणि स्मशानाच्या फाटकाशी कोणीतरी हात आडवा करून सांगायचं, 'एकानेच आत या.' पुष्कळांच्या नशिबी तेवढंही नव्हतं, कारण घरातली बाकीची माणसं स्वतःच विलगीकरणात होती किंवा शेजारच्या वॉर्डात ऑक्सिजनवर होती. अधिकृत आकड्यानुसार महाराष्ट्रात कोविडने १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. रुग्णांचे, खाटांचे, चाचण्यांचे आकडे रोज संध्याकाळी जाहीर होत. गेलेल्यांपैकी किती जणांचा चेहरा घरच्यांना बघायला मिळाला, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

माझं म्हणणं असं आहे की अंत्यविधीला किती माणसं यावीत यावर बंधन घालणं बरोबरच होतं. पण त्या बंधनाच्या आडून निरोपच काढून घेतला गेला, ते चूक होतं. त्याची वैद्यकीय गरज नव्हती, कायद्याने ते सांगितलेलं नव्हतं, आणि साथ आटोक्यात आणण्याच्या दृष्टीनेही ते अंगाशी येणारं होतं.

गर्दीबद्दल आधी बोलू, कारण त्या बाबतीत माझ्या मनात किंतु नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑल्बनी नावाचं छोटं शहर आहे. २०२० च्या फेब्रुवारी अखेरीस तिथे एका अंत्यसंस्काराला मोठा जमाव जमला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, एकत्र जेवले. काही आठवड्यांत ते शहर देशातल्या सर्वात जास्त पोळलेल्या ठिकाणांपैकी एक झालं. आपल्याकडची मयत काही वेगळी नसते. गावात माती म्हटली की अख्खी भावकी, सोयरे, तालमीतली पोरं, सोसायटीचे चेअरमन, सगळे येतात. बायका गळ्यात गळा घालतात. पाणी एकाच तांब्याने फिरतं. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २४ मार्च २०२० च्या आदेशात अंत्यविधीसाठी वीस माणसांची मर्यादा घातली, ती मला आजही योग्य वाटते. पाच सांगितली असती तरी मी तक्रार केली नसती.

पण वीसचा आकडा मुळात जिवंत माणसांना जिवंत माणसांपासून वाचवण्यासाठी होता. मेलेल्या माणसाच्या भीतीशी त्याचा काही संबंध नव्हता. लोकांनी, आणि लोकांहून जास्त यंत्रणेने, या दोन गोष्टी एक करून टाकल्या. वीस माणसं येऊ शकत होती, तिथे एकाला आत सोडलं. जो आत गेला त्यालाही दहा-पंधरा फुटांवर उभं केलं. चेहरा दाखवायला परवानगी होती, तिथे 'दाखवता येत नाही, वरून ऑर्डर आहे' असं ठोकून दिलं. अशी ऑर्डर वरून बहुतेक वेळा आलेलीच नसे. ती वाटेत, वॉर्डबॉय आणि शवागाराच्या दरवाजादरम्यान कुठेतरी तयार होत असे.

आता त्या भीतीने काय काय घडवलं ते पाहा. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेच्या आयुक्तांनी परिपत्रक काढलं की कोविडने मरण पावलेल्या प्रत्येकाचं दहनच होईल, धर्म कोणताही असो. राजकीय विरोध झाला आणि काही तासांत ते फिरवावं लागलं. पण पेरायचं ते पेरलं गेलं होतं. त्याच आठवड्यात मालाडच्या मालवणीत एका मुस्लीम वृद्धाच्या दफनाला कब्रस्तानात जागा नाकारली गेली आणि शेवटी जवळच्या हिंदू स्मशानभूमीत त्यांचं दहन करावं लागलं. नकार देणारे त्यांच्याच समाजाचे होते, हे लक्षात घ्यायला हवं. भीतीला जातधर्म नसतो. पुढे पालिकेने काही कब्रस्तानं ठरवून दिली, तर वांद्र्याच्या रहिवाशांनी त्यांच्या शेजारी दफन नको म्हणून न्यायालय गाठलं. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी त्या याचिका फेटाळल्या. देहाला हात लावल्याने वा पुरल्याने हा रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंतिम संस्कार होणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या प्रतिष्ठेच्या हक्काचा भाग आहे, ही त्या निकालाची बाजू होती.

चेन्नईत त्याच्या महिनाभर आधी एका न्यूरोसर्जनचा देह पुरायला नेताना जमावाने दगडफेक केली. शववाहिनीचे चालक जखमी झाले आणि अखेर त्या न्यूरोसर्जनच्या एका डॉक्टर सहकाऱ्याने मध्यरात्री स्वतः फावडं हातात घेऊन त्यांना पुरलं. पत्नीला हवं होतं त्या दफनभूमीत त्यांना नेण्याची परवानगी मद्रास उच्च न्यायालयाने दिली ती मार्च २०२१ मध्ये, जवळजवळ वर्षाने. श्रीलंकेने तर मुंबई महापालिकेने काही तासांत मागे घेतलेली चूक राष्ट्रीय धोरण म्हणून चालवली. सक्तीचं दहन तिथे फेब्रुवारी २०२१ पर्यंत सुरू राहिलं, त्यात वीस दिवसांचं एक मुस्लीम तान्हं बाळही होतं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने माफी मागितली.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं की कोविडने मृत्यू झालेल्या देहाच्या संपर्कातून कोणाला लागण झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. मृताच्या प्रतिष्ठेचा, त्याच्या परंपरेचा आणि कुटुंबाचा मान राखावा, हेही त्याच दस्तावेजात होतं. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही. माहिती होती. ती ज्याच्या हातात शवागाराची किल्ली होती त्याच्यापर्यंत कोणी पोचवली नाही.

ज्यांना हे सगळं भावनेचं प्रकरण वाटतं, त्यांच्यासाठी ठाण्याची गोष्ट. जुलै २०२० मध्ये तिथल्या एका कोविड रुग्णालयातून एक कुटुंब आपल्या माणसाचा देह घेऊन गेलं. देह गुंडाळलेला, चेहरा न पाहिलेला. त्यांनी अंत्यसंस्कार केले. आणि नंतर कळलं की आपला माणूस त्याच रुग्णालयात जिवंत आहे. ज्याला अग्नी दिला तो दुसऱ्याच घरचा होता आणि त्या घरचे लोक आपला रुग्ण सापडत नाही म्हणून चकरा मारत होते. चेहरा पाहणं हे हळव्या मनाचे चोचले नाहीत. मेलेला माणूस कोण आहे याची खातरजमा करण्याचा तो सर्वात जुना आणि सर्वात स्वस्त मार्ग आहे. पोलीस पंचनाम्यातसुद्धा ओळख पटवायला नातेवाइकालाच बोलावतात. मग साथीत, जिथे एका रात्रीत एकाच वॉर्डातून अनेक देह बाहेर पडत होते आणि गफलतीची शक्यता कितीतरी पटींनी वाढली होती, तिथे नेमकी हीच पायरी गाळायची?

दुसऱ्या लाटेचं काय, असा प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. १८ एप्रिल २०२१ या एका दिवसात राज्यात ६८ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. स्मशानांच्या बाहेर शववाहिन्यांच्या रांगा होत्या. विद्युतदाहिन्या अखंड चालून बिघडत होत्या. अंबाजोगाईत त्या महिन्यात एकाच रुग्णवाहिकेत २२ देह कोंबून नेल्याचं छायाचित्र साऱ्या देशाने पाहिलं. गाड्या कमी आहेत, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. अशा वेळी चेन उघडून चेहरा दाखवत बसायला कोणाला फुरसत होती? कर्मचारी चोवीस-चोवीस तास राबत होते, त्यांची स्वतःची माणसं मरत होती. त्यांच्याकडे बोट दाखवणं अन्यायाचं होईल, आणि मी ते दाखवत नाही.

पण अंबाजोगाईचीच आणखी एक गोष्ट आहे. त्याच एप्रिलच्या सुरुवातीला तिथे एका चितेवर आठ जणांचं दहन झालं. नेहमीच्या स्मशानात कोविडच्या देहांना स्थानिकांचा विरोध होता, म्हणून प्रशासनाने गावाबाहेर दुसरी जागा शोधली आणि ती पुरी पडेना. म्हणजे आठ जणांना एक चिता मिळाली त्यामागे नुसती लाट नव्हती. वर्षभर आधी जी भीती खोटी ठरली होती, आणि जी खोटी आहे हे उच्च न्यायालयाने लिहून ठेवलं होतं, ती दूर करण्यासाठी त्या वर्षभरात काही झालं नव्हतं. पहिल्या लाटेत गोंधळ होणं समजू शकतं. दुसऱ्या लाटेआधी आपल्याला थंडीचे चांगले चार महिने मिळाले होते.

शिवाय वेळेचा हिशोबही तितकासा खरा नाही. चेहरा दाखवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं काढण्यासाठी ते काम कोणाचं आहे हे ठरलेलं असावं लागतं, आणि ते कधीच ठरलं नव्हतं. डॉक्टरचं नाही, परिचारिकेचं नाही, शववाहिनीच्या चालकाचं तर नाहीच. जिथे ते कोणीतरी अंगावर घेतलं तिथे ते झालं. अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी, मुंबईत बडा कब्रस्तानच्या माणसांनी, परधर्मीयांचे देहसुद्धा त्यांच्या त्यांच्या रिवाजाने मार्गी लावले. त्यांच्याकडे महापालिकेपेक्षा जास्त पैसा वा जास्त यंत्रणा होती असं कोणी म्हणणार नाही.

इतर राज्यांकडे पाहिलं तर हे जमण्यासारखं होतं हे कळतं. पश्चिम बंगालमध्ये देह पारदर्शक आवरणात ठेवून घरच्यांना दाखवण्याचा निर्णय जून २०२० मध्येच झाला, आणि सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने चेहरा पाहण्याची आणि विधी करण्याची मुभा कुटुंबाला असलीच पाहिजे असं बजावलं. केरळने जून २०२१ च्या अखेरीस देह तासाभरापुरता घरी न्यायला परवानगी दिली. तासाभरात काय होतं, असं विचारणाऱ्याने आपल्या घरातून कोणाला असं एकदम उचलून नेलं होतं का ते आठवावं.

महाराष्ट्र सरकारला असं काही सुचत नाही, असंही नाही. २०२० ची आषाढी वारी आठवा. शेकडो वर्षांची परंपरा, लाखोंचा समुदाय, आणि साथ ऐन भरात. सरकार वारी सरळ बंद करून मोकळं होऊ शकलं असतं. तसं झालं नाही. देवस्थानांशी, दिंड्यांच्या प्रमुखांशी बोलणी झाली, आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. रिंगण नाही, मुक्काम नाही, पण पादुका पोचल्या. कशावाचून चालेल आणि कशावाचून मुळीच चालणार नाही, हे दोन्ही बाजूंनी बसून ठरवलं. लाखो पाय थांबवले आणि वारी मोडली नाही. अंत्यविधीच्या बाबतीत ही एक बैठक कधी झालीच नाही. वारकऱ्यांना प्रमुख असतात, फड असतात, मागे मतांचं बळ असतं. शवागाराबाहेर ताटकळणाऱ्या मुलाची संघटना नसते, आणि त्याची गरज दोन तासांत संपते. राखेसाठी कोण दाद मागणार?

एक प्रकरण मात्र चर्चेने सुटलं. पारशी समाजाला कोविडने गेलेल्यांचा देह दोख्म्यात, म्हणजे पक्ष्यांसाठी देह उघड्यावर ठेवण्याच्या गोल मनोऱ्यात, ठेवता येत नव्हता, दहन वा दफन सक्तीचं होतं. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकार आणि समाज यांच्यात पद्धत ठरली. पक्षी येऊ नयेत म्हणून वर जाळी, देह हाताळायला प्रशिक्षित खांदेकरी. साधे उपाय. ते मान्य व्हायला साथीतली जवळपास दोन वर्षं जावी लागली, आणि तेही हा समाज छोटा, संघटित आणि देशातले नामांकित वकील उभे करू शकणारा होता म्हणून.

धर्मांना तर अशा प्रसंगाची ओळख जुनीच आहे. पुरात, लढाईत, परदेशात माणूस गेला आणि देहच मिळाला नाही तर काय करायचं, याची सोय प्रत्येकाने करून ठेवली आहे. हिंदूंमध्ये पालाशविधी आहे, पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. मुसलमानांमध्ये गैरहजर मृतासाठी गायबाना नमाज आहे. गुसल, म्हणजे मृताला घातली जाणारी आंघोळ, धोक्याची असेल तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने केलेली प्रतीकात्मक शुद्धी, चालते, असं अनेक उलेमांनी साथीत सांगितलं. ख्रिस्ती लोक देहाशिवाय स्मरणार्थ मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, करतात. पुरोहित, मौलवी, धर्मगुरू यांना विश्वासात घेऊन प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आठवड्याभरात असा पर्याय छापून रुग्णालयाच्या भिंतीवर लावला असता, तर विधीचा हट्ट धरणाऱ्यांचं आणि नियमाचा हट्ट धरणाऱ्यांचं भांडण निम्मं मिटलं असतं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळेच विधी जपण्यासारखे असतात असं मला वाटत नाही. टाळेबंदीत तेराव्याचं गावजेवण बंद झालं, कर्ज काढून घातलं जाणारं गोडाचं जेवण टळलं, मुलगा परदेशात अडकला म्हणून मुलीने पाणी दिलं, अग्नी दिला, आणि कोणी 'हे शास्त्रात बसत नाही' म्हणायला आलं नाही. हे चांगलंच झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करणारा ठराव केला आणि राज्य सरकारने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. त्या विचाराच्या मुळाशी कोविडकाळात ऐन तरुण वयात विधवा झालेल्या बायकांचे हाल होते. माणसं कमी जमली की कधी कधी जुलूमही कमी होतो. तेव्हा गेलं ते कर्मकांड गेलं, त्यात रडण्यासारखं काय, असं म्हणणाऱ्या माझ्या विवेकवादी मित्रांचं मी अर्धं ऐकतो.

अर्धंच, कारण या विधींच्या आत धर्माशी फारसा संबंध नसलेलं काहीतरी असतं. तिरडी बांधताना शेजारचे चारजण येतात, त्यातले दोघे मेलेल्याशी वर्षभर बोलत नव्हते. खांदा बदलत बदलत नेताना वजन कळतं, अगदी शब्दशः, आणि माणूस गेला हे आधी खांद्याला कळतं, मग डोक्याला. तिसऱ्या दिवशी राख सावडताना हातात हाडं येतात. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे उन्हात थांबतात आणि कोणीतरी म्हणतं, 'धाकटीच्या लग्नाचं मनात राहिलं असेल, सांगा, आम्ही करू.' तिथे दहा जणांसमोर एक जबाबदारी वाटून घेतली जाते. नास्तिकाच्या घरीही माणसं दुखवट्याला येतात, निमूट बसतात, चहा दुसऱ्यांच्या घरून येतो. कोविडच्या घरांत हे काहीच झालं नाही. दारावर पट्टी होती, शेजारी खिडकी लावून घेत होते, दूध बाहेर ठेवून पळत होते. दहावा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर झाला. न्यू जर्सीतला मुलगा पहाटे तीनला उठून गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे तिथल्या स्वयंपाकघरात पिंड मांडत होता आणि मधेच रेंज जात होती. त्याला मी हसत नाही. त्याच्याकडे जेवढं होतं तेवढं त्याने केलं.

साथ आवरण्याच्या दृष्टीनेही निरोप काढून घेणं महागात पडतं, हे मी आधी म्हटलं ते आता स्पष्ट करतो. इबोला हा कोविडसारखा नव्हे. त्यात मेलेल्याचा देह खरोखर अत्यंत संसर्गजन्य असतो. २०१४ मध्ये लायबेरियात राजधानी मोनरोव्हिया आणि परिसरात सरकारने सक्तीचं दहन सुरू केलं. दहन ही तिथली रीत नव्हे. लोकांनी आजारी माणसं लपवली, देह लपवले, रात्री गुपचूप पुरले, आणि रोग अधिक पसरला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित आणि सन्माननीय दफन' अशी पद्धत आखून दिली. कुटुंबाला सामील करून घ्यायचं, धर्मगुरूला बोलवायचं, लांब उभं राहून प्रार्थना करू द्यायची, कबर कुठे आहे ते दाखवायचं. देह खरोखर धोक्याचा असतानाही हे करता आलं.

आपल्याकडे काय झालं? दुसऱ्या लाटेत गावोगाव ऐकू येणारं एक वाक्य होतं: 'दवाखान्यात नेलं की परत तोंड दिसत नाही.' त्या भीतीने लोक अंगावर ताप काढत घरी राहिले, ऑक्सिजन ७० वर आल्यावर निघाले. पुण्याला तर हे नवं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कारभारात लोक रुग्ण आणि मृत्यू लपवत होते, ते रोगाइतकंच रोगानंतर होणाऱ्या फरफटीला भिऊन. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा काढला. त्यात डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्यांना शिक्षा देणारी दुरुस्ती दीड महिन्याच्या आत झाली, आणि ती आवश्यकच होती. मरणाऱ्याबद्दल आणि मागे राहणाऱ्याबद्दल त्यात एक ओळही आली नाही.

दुजाभावाची जखम त्यावर. १७ एप्रिल २०२१ या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. विंडसरमध्ये राणी एलिझाबेथ पतीच्या अंत्यविधीला चर्चच्या बाकावर एकटी बसली, कारण तिथे कमाल तीस माणसांचा आणि अंतर राखण्याचा नियम होता. आणि पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं, ज्याच्या आधीचे कित्येक दिवस सगळ्या पक्षांच्या सभांना गर्दी होती. राज्यात इतरत्र वीस माणसांत माती उरकली जात होती. पुढे कळलं की राणी ज्या दिवशी एकटी बसली त्याच्या आदल्या रात्री लंडनमध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयात निरोपाच्या पार्ट्या रंगल्या होत्या. त्याबद्दल राजवाड्याची माफी मागितली गेली, आणि अशा पार्ट्यांचं प्रकरण त्या पंतप्रधानांना पुढे भोवलं. पंढरपूरच्या सभांवरून मात्र इतकं काही झालं नाही. ज्या माणसाने बापाचं तोंड न बघता नियम पाळला, त्याच्या मनात 'मीच मूर्ख ठरलो का' हा प्रश्न उरतो. पुढच्या साथीत तो नियम पाळेल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून कायद्यात, किंवा निदान प्रत्येक महापालिकेच्या आणि जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात, काही गोष्टी आत्ताच, साथ नसताना, लिहिल्या गेल्या पाहिजेत. अखेरच्या घटकेला निदान एका माणसाला संरक्षक पोशाख देऊन खाटेजवळ जाऊ द्यावं. ते शक्यच नसेल तर फोनवरून आवाज ऐकवणं ही कर्मचाऱ्याची मेहरबानी नसून नेमून दिलेलं काम असावं. देह बाहेर काढण्याआधी चेहरा दाखवणं आणि ओळखीची सही घेणं सक्तीचं असावं, न दाखवल्यास कारण लेखी द्यावं. रुग्णालयात याच कामासाठी एक माणूस असावा, समाजसेवा विभागातला किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक, ज्याचं नाव आणि नंबर दाराशी लावलेला असेल. अस्थी नाव लावून, ठरलेल्या दिवशी मिळाव्यात. आणि स्मशानातल्या कर्मचाऱ्यांना विमा, पोशाख आणि पगार वेळेवर मिळावा, कारण ज्या घरचं कोणीच येऊ शकलं नाही तिथे अग्नी त्यांनीच दिला. बहुतेक ठिकाणी ते पिढ्यान्‌पिढ्या या कामाला जुंपलेल्या जातींतले आहेत, आणि ज्यांनी एरवी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं अशा घरांचे पुत्र ते त्या दिवसांत झाले. त्याची दखल टाळ्या-थाळ्यांत नीटशी आली नाही.

मागची बाकीही आहेच. इटलीने १८ मार्च हा कोविडमृतांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस ठरवला, कारण २०२० मध्ये त्या तारखेला बर्गामोतून लष्कराच्या ट्रकांनी शवपेट्या बाहेर नेल्या होत्या. लंडनमध्ये टेम्सच्या काठी, संसदेच्या समोरच्या भिंतीवर, लोकांनी प्रत्येक मृतामागे एक लाल बदाम रंगवला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना ५० हजार रुपये मिळाले, आणि अनेक घरांत ते मिळवण्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर 'कोविड' हा शब्द यावा म्हणून खेटे घालणं हाच शोक ठरला. पैसे द्यायला हवे होते, दिले, ठीक झालं. पण पुण्याच्या वैकुंठात, कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी, नाशिकच्या अमरधामात त्या दोन वर्षांत ज्यांना कोणाच्याही सोबतीशिवाय नेलं गेलं, त्यांची नावं दहनाच्या नोंदवहीत आजही आहेत. ती वही उघडून, घरच्यांना विचारून, ज्यांची हरकत नसेल त्यांची नावं स्मशानाच्या भिंतीवर लावणं हे एखाद्या महापालिकेच्या एका ठरावाचं काम आहे. त्यासाठी केंद्राच्या परवानगीची गरज नाही, आणि खर्च एखाद्या चौकातल्या कमानीपेक्षा कमी येईल.